छंदासाठी एअर रायफल घ्यायचीय: १० मीटर, कागदी टार्गेट, परवान्याची भानगड नको

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

एक चांगल्या प्रतीची एअर रायफल घ्यायचं बऱ्याच दिवसांपासून डोक्यात आहे. शिकार, राखण, स्वसंरक्षण यातलं काहीही नाही. वाईजवळ गावच्या घरामागे बारा-तेरा मीटरची मोकळी पट्टी आहे, शेवटी दगडी गडगा. तिथे शनिवार-रविवारी कागदावर नेम धरायचा, बास. सोबत मुलगा असेल, वय १४.

अनुभव म्हणाल तर जत्रेतले फुगे आणि कॉलेजात एनसीसीमध्ये हाताळलेली पॉइंट टू टू. दुकानात गेलो तर मालकाने पाच-सहा बंदुका काउंटरवर मांडल्या आणि प्रत्येकीबद्दल एकच वाक्य, "साहेब, हिचं प्रेशर बघा!" एकीच्या खोक्यावर '१००० एफपीएस' (सेकंदाला फूट, छर्ऱ्याचा वेग) असं ठळक छापलेलं, वर दुर्बीण फुकट. दुसरी त्याच किमतीची, वेग कमी, दुर्बीण नाही. आपला मध्यमवर्गीय हिशेब लगेच पहिलीकडे गेला. पण मागे खुर्चीत बसलेले मालकाचे वडील म्हणाले, "कागदावरच मारायचंय ना? मग एवढी कशाला?" मालकाने त्यांच्याकडे असं पाहिलं की बास. मी काहीच न घेता घरी आलो.

बजेट २५ हजार, फार तर ३०. चष्मा आहे आणि आता चाळिशीही लागलीय. स्प्रिंगवाली घ्यावी की ती हवा भरायची पीसीपी? दुर्बीण हवीच का? कायद्याचं नेमकं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस तात्या

आधी घरातून परवाना काढा. तो शस्त्र कायद्यापेक्षा कडक असतो आणि त्याचं नूतनीकरण रोज करावं लागतं.

बाकी धागा शंभरी गाठणार. चिवडा घेऊन बसलोय.

दशांश

@कृष्णाकाठ, त्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. दुकानातला कामाचा माणूस तोच.

कायद्याचं आधी उरकतो. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमी, म्हणजे पॉइंट १७७ बोअरच्या (नळीच्या भोकाचा व्यास), २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. बोअर ५.५ मिमी झाला किंवा ऊर्जा मर्यादेबाहेर गेली की परवाना आला. खरेदी १८ पूर्ण झालेल्याच्या नावावर. दुकानदार ओळखपत्राची प्रत मागेल ती द्या, पक्कं बिल घ्या आणि त्याची झेरॉक्स रायफलच्या बॅगेत कायम ठेवा. नेआण बॅगेतूनच करायची. खांद्याला लावून एसटी स्टँडवर उभे राहिलात तर लांबून ती एअर रायफल आहे हे कुणाला कळत नाही, हवालदारालाही नाही.

आता ते '१००० एफपीएस'. नेहमीचा टार्गेटचा छर्रा ८.२ ग्रेनचा, म्हणजे ०.५३ ग्रॅमचा. १००० फूट म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर. शाळेतलं सूत्र लावा, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं साडेचोवीस ज्यूलच्या आसपास. म्हणजे त्या छर्ऱ्याने खोक्यावरचा आकडा खरा ठरला, तर ती बंदूक तुम्हाला परवान्याशिवाय विकताच येणार नाही. ती राजरोस विकली जाते, कारण असा आकडा बहुतेक वेळा पाच-सव्वापाच ग्रेनचा हलका, मिश्रधातूचा छर्रा घालून काढलेला असतो. तोच वेग धरला तरी ऊर्जा सोळा ज्यूलच्याही आत राहते. तुम्ही तो छर्रा वापरणार नाही आहात. त्याचा नेम बहुधा वाईट असतो.

आणि वेग हवाय कशाला? १० मीटरच्या ऑलिंपिक रायफलींचा वेग सेकंदाला १७०-१७५ मीटर असतो, ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण घेतलं ते ह्याच प्रकारात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत जगज्जेता झाला तोही ह्याच. त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे एवढ्या कमी ताकदीत भागतं, आणि आपण गडग्यापुढच्या कागदासाठी तोफ शोधतोय!

स्प्रिंग रायफलमध्ये जास्त ताकद म्हणजे जड स्प्रिंग, जास्त धक्का, जड कॉकिंग (दर छर्ऱ्याआधी स्प्रिंग दाबून अडकवणं). मुलगा १४ चा आहे म्हणालात. दहा छर्ऱ्यांनंतर त्याचे हात थरथरायला लागले तर तो अकराव्याला कंटाळेल.

माझं मत: मध्यम ताकदीची, ब्रेक बॅरल (नळी सांध्यात मोडून भरायची), स्प्रिंग किंवा गॅस रॅम (स्प्रिंगऐवजी कोंडलेला वायू), चांगल्या ओपन साइटसह (मागे खाच, पुढे काटा, काच नाही). प्रेसिहोल ह्या भारतीय कंपनीची एनएक्स १०० एकदा हातात घेऊन बघा.

हवाबाण

दशांश यांच्याशी कायद्यापुरता सहमत. बाकी २०-३० हजार घालवून स्प्रिंगवाली घेणं म्हणजे स्वतःलाच शिक्षा आहे. स्प्रिंगमध्ये चाप ओढला की आत जड पिस्टन पुढे धावतो. त्याने रायफल आधी मागे येते, पिस्टन टोकाला आपटला की पुढे जाते, आणि ह्या सगळ्या गोंधळात छर्रा अजून नळीतच असतो. तुम्ही नेम कितीही धरा!

पीसीपीत टाकीत आधीच हवा भरलेली. चाप ओढला, व्हॉल्व्ह उघडला, छर्रा गेला. धक्का जवळपास नाहीच. पहिल्याच दिवशी छिद्रावर छिद्र. थोडं थांबा, पैसे साठवा आणि थेट पीसीपी घ्या. भारतीय बनावटीची पीएक्स १०० आहे, हल्ली पर्याय वाढलेत.

दशांश

@हवाबाण, तुमचं नाव वाचूनच कळलं होतं तुम्ही कुठल्या पक्षाचे ते :)

पीसीपीचा नेम वादातीत आहे. पण हवा कुठून आणायची ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. २०० बारपर्यंत हातपंपाने भरणं हा वेगळाच व्यायाम आहे. शेवटचे ५० बार अंगाचं वजन टाकून दाबावे लागतात. पुण्या-मुंबईत स्कूबाची टाकी भरून मिळेलही, वाईच्या मागे कुठे मिळणार? त्यात पंप वेगळा, ओलावा टिपायची व्यवस्था वेगळी, हवा अडवणाऱ्या रबरी ओ-रिंग झिजणार त्या वेगळ्या. बजेट दुकानातच दुप्पट होतं. क्लब जवळ असेल, तिथे कॉम्प्रेसर असेल, तर पीसीपीसारखं सुख नाही. दोन दिवस गावी जाणाऱ्याला कपाटातून काढली की चालणारी रायफल हवी.

हवाबाण

पंपाने हातही तयार होतात. मुद्दा मान्य, पण अर्धाच.

लेथवाला

धागा वाचनखूण म्हणून साठवून ठेवला होता, आज सवडीने लिहितो. तीस वर्षं मशिन शॉपमध्ये गेली, त्यामुळे माझं लक्ष नळीकडे जातं.

चांगली रायफल आणि टाकाऊ रायफल यातला खरा फरक काउंटरवर दिसत नाही. लाकूड, पॉलिश, दुर्बीण हे सगळं वरवरचं. नळी बघा. लांब, बारीक भोक सरळ पाडणं हे कुठल्याही कारखान्यातलं अवघड काम. ड्रिल थोडं जरी भरकटलं तरी भोक एका बाजूला सरकतं. मग आतून सारखा बोअर, त्यावर समान खोलीच्या पीळदार खाचा. जर्मनीत लोथार वाल्थरसारखे लोक फक्त नळ्यांसाठी नावाजलेले आहेत. आपल्याकडे प्रेसिहोलचं नाव निघतं त्याचं कारणही हेच: त्या घराण्याचा मूळ धंदाच खोल भोकं पाडणाऱ्या मशिनींचा. बाकी देशी बनावटीत जुन्या जर्मन डायना ३५ च्या धाटणीच्या रायफली बऱ्याच मिळतात. त्यात एखादी उत्तम निघते, शेजारची तीच रायफल तिरकी निघते. एकाच मॉडेलच्या दोन नगांत एवढा फरक असेल तर घेणाऱ्याने ठोकून-वाजवून घ्यायला हवी.

दुकानात एवढं करा. मालकाला विचारून नळी मोडा (ब्रेक बॅरल असेल तर) आणि मागून उजेडाकडे धरून आत बघा. खाचा तोंडापर्यंत सलग, चकचकीत दिसल्या पाहिजेत. मग नळी बंद करून टोकाला धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. सांध्यात जरासाही खुळखुळ वाटला तर ती ठेवून द्या. छर्रा प्रत्येक वेळी वेगळीकडे जाणार, दोष मात्र तुम्ही तुमच्या हाताला देत बसाल. नळीचं टोक, जिथून छर्रा बाहेर पडतो ती कड, भिंग लावून बघा. तिथे एक बारीक ओरखडाही नेम बिघडवतो.

दुसरं, ट्रिगर. स्वस्त रायफलीचा ट्रिगर ओढताना खरखरत, अडखळत येतो आणि कधी सुटेल ते कळत नाही. चांगला ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला हलका, मग एक स्पष्ट थांबा, मग थोडा दाब की सुटला. वायराउख ह्या जर्मन कंपनीचा रेकॉर्ड ट्रिगर ह्यासाठीच जगभर मानतात. त्यांचीच एचडब्ल्यू ३० एस ही छोटी, हलकी स्प्रिंग रायफल कधी हाती आली तर फक्त ट्रिगरसाठी चालवून बघा.

आणि हो, छर्रा न घालता चाप ओढू नका. स्प्रिंग रायफलीत पुढे हवेची गादी नसली की पिस्टन टोकावर आदळतो आणि सील जातं. काउंटरवर जो तो कॉक करून खटाखट ओढत असतो, म्हणून शोकेसमधला नग घेऊच नका. बंद खोक्यातला मागा.

आंबेवाला देवगड

माफ करा, थोडं वेगळं विचारतो. आमच्याकडे वानरांनी वात आणलाय. हापूस तोंडाला लागायच्या आत निम्मा खाली. कागदावर मारून काय करायचं? बागेसाठी जरा जोरदार कुठली मिळेल?

सईची आई

@आंबेवाला, नुकसान किती होतं ते माझं माहेर राजापूरचं असल्याने माहीत आहे. तरीही नाही. वानर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ह्या छर्ऱ्याने वानर मरत नाही. जखमी होतो, जखम चिघळते, आठवडाभर तुमच्याच बागेत कण्हत फिरतो. पिल्लाला पोटाशी धरलेल्या माकडिणीला कुणी हौसेने मारलेलं मी लहानपणी पाहिलंय, त्यावर जास्त लिहीत नाही.

आंबेवाला देवगड

तुमका घाटार बसान बोलाक काय जाता! :) पण बरोबर आहे. आमचे आजोबाही वानरावर कधी बंदूक उगारत नसत, मारुती म्हणून. राखणीला माणूस मिळत नाही हे खरं दुखणं.

दशांश

धागाकर्त्यांचा विषय कागदापुरता आहे, तो तिथेच राहू द्या. पक्षी, खार, भटकी कुत्री, सगळ्यांना हेच लागू. एकदा कुणी तसला फोटो टाकला की पोलिसांच्या लेखी सगळे एअर रायफलवाले सारखेच.

सईची आई

आता मूळ प्रश्नावर. माझी मुलगी शाळेपासून एअर रायफल मारते, त्यामुळे रायफलीचं शास्त्र मला ठाऊक नसलं तरी रेंजवर बाकड्यावर बसून बरंच कानावर पडलंय.

विकत घेण्याआधी पालकांनी मुलाला एखाद्या रेंजवर महिनाभर घालावं. पुण्यात बालेवाडी आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पनवेलला सुमा शिरूर यांची लक्ष्य अकादमी, कोल्हापूरला दुधाळी. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे हे नेमबाज तिघंही एकट्या कोल्हापूर जिल्ह्यातली, तेव्हा तिकडे तर हवेतच असावं काहीतरी. क्लबची रायफल हातात घेतली की आपल्याला काय हवंय ते महिन्यात कळतं. सुरुवात ओपन साइटनेच करतात, त्याच्या स्पर्धाही वेगळ्या असतात. पीप साइट (मागे खाचेऐवजी बारीक छिद्र) पुढची पायरी. इंपोर्टेड मॅच रायफल, म्हणजे वाल्थर, फाइनवर्कबाऊ वगैरे, लाखांतलं काम. ते आत्ता डोक्यातून काढून टाका.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. दस्त्याची लांबी! मोठ्या माणसाच्या मापाची रायफल मुलाच्या खांद्याला लावली की तो मान पुढे ताणतो, पाठ मागे झुकवतो, कोपर हवेत जातं. सईच्या प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी एकच तपासलं होतं. बट, म्हणजे दस्त्याचं मागचं टोक, कोपराच्या आतल्या घडीत टेकवायचं आणि त्याच हाताचं बोट ट्रिगरवर सहज पोचतंय का बघायचं. तिचं पोचत नव्हतं. त्यांनी दस्त्यामागची लांबी वाढवणारी दोन स्पेसर काढली आणि त्याच मुलीचे छर्रे त्याच दिवशी टार्गेटच्या काळ्या वर्तुळात यायला लागले. दुकानात जाताना मुलाला न्या. वजनही त्यालाच उचलू द्या, पाच मिनिटं खांद्याला धरून.

ऱ्हाइनकाठचा मराठा

जर्मनीहून. इथे १८ वर्षांपुढच्या कुणालाही ७.५ ज्यूलपर्यंतची एअर रायफल परवान्याशिवाय मिळते. तिच्यावर पंचकोनात 'एफ' असा शिक्का असतो. गावोगाव शूत्झेनफेराइन, म्हणजे नेमबाजांची मंडळं. आमच्या मंडळात सत्तरी ओलांडलेले आजोबा पन्नास वर्षांपूर्वीची फाइनवर्कबाऊ ३०० घेऊन येतात. स्प्रिंगचीच, पण तिची सगळी यंत्रणा दस्त्यावर रुळांवरून मागे सरकते, त्यामुळे खांद्याला धक्काच लागत नाही. नवी पीसीपी घेतलेल्या पोरांना ते दर गुरुवारी हरवतात आणि वर बिअर त्यांच्याकडूनच घेतात.

सांगायचा मुद्दा, ७.५ ज्यूलमध्ये अख्खा देश खेळतोय आणि कुणालाही ताकद कमी पडत नाहीये. इंग्लंडात मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सव्वासोळा ज्यूलच्या आसपास. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या शेवटापासून साध्या एअर रायफललाही प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे २० ज्यूलची सूट आहे हे पुष्कळ झालं, ती गमावली जाईल असं काही करू नका.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. काल मुलाला घेऊन दुसऱ्या एका दुकानात गेलो. सईच्या आईंची कोपराची युक्ती केली. माझ्या मनात भरलेली रायफल त्याला दोन इंच लांब! मालक म्हणाला, "वाढतं वय आहे, येईल मापात." शाळेचा गणवेश घेतोय असंच वाटलं.

आता डोळ्यांचं सांगा. ओपन साइटमध्ये मला मागची खाच धूसर दिसते, नळीच्या टोकाची फोरसाइट जेमतेम आणि टार्गेट स्पष्ट. चाळिशीच्या चष्म्याने खाच दिसते, टार्गेट गायब. दुर्बीण घेऊनच टाकू का?

दशांश

मागची खाच, फोरसाइट आणि टार्गेट अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसणं विशीतल्या डोळ्यालाही जमत नाही. त्यातली एक निवडायची आणि ती नेहमी फोरसाइटच. टार्गेट थोडं धूसर काळं वर्तुळ दिसलं तरी चालतं, खाच धूसर चालते. फोरसाइटची कड मात्र ब्लेडसारखी हवी. चष्मेवाल्याकडे जाऊन फोरसाइटच्या अंतराचा, म्हणजे डोळ्यापासून साधारण हातभर लांबचा नंबर काढून मागा. कॉम्प्युटरच्या चष्म्याच्या आसपासच येतो. चष्मेवाला चक्रावेल, पण देईल.

दुसरा उपाय पीप साइट. बारीक छिद्रातून बघितलं की स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पल्ला आपोआप वाढतो, पुढचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं. पन्नाशी-साठीतले लोक पीपवर आरामात मारतात. तुमच्या रायफलीवर साइट अडकवायची खाचपट्टी असेल तर साधी पीप नंतरही बसवता येते.

दुर्बीण घ्यायची तर फुकटातली नको. स्प्रिंग रायफलीचा धक्का दोन्ही दिशांनी असतो. साधी दुर्बीण मागच्या धक्क्यासाठी बांधलेली असते, पुढच्या हिसक्याने तिची आतली काच सैल होते. एअरगनसाठी म्हणून बनवलेली, पॅरालॅक्स, म्हणजे ती ज्या अंतराला जुळवलेली असते ते, १० मीटरपर्यंत खाली आणता येणारी घ्या. नाहीतर १० मीटरवर चित्र धूसर आणि डोळा जरा सरकला की क्रॉस नाचतो. मला विचाराल तर पहिलं वर्ष दुर्बीण नकोच. तुमचा मुलगा शिकायचाय.

सुतारपक्षी

छर्रे कुठे थांबणार ते कुणी विचारलंच नाही. दगडी गडग्यावर थेट? छर्रा दगडावरून उसळून कुठेही येतो, डोळ्यावर आला तर संपलं. नेम धरणारा आणि बाजूला उभा असलेला, दोघांनाही चष्मा सक्तीचा करा.

मी वापरतो ती पेटी: जाड प्लायवूडचं, हातभर लांब-रुंद आणि वीतभर खोल खोकं. मागच्या बाजूला ३ मिमीचा पत्रा, पण उभा नाही, ४५ अंशात खाली झुकलेला, म्हणजे छर्रा खालीच पडतो. पुढे जुन्या सुती चिंध्या गच्च कोंबायच्या, त्यावर पुठ्ठा, त्यावर टार्गेट. आवाजही कमी होतो. महिन्यातून एकदा उघडून शिसं काढून घ्यायचं. हातमोजे घालून काढा, आणि मुलाला सवय लावा, नेम झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय खायला हात लावायचा नाही. छर्रे तोंडात धरायची सवय काहींना असते, ती तर मुळीच नको. सगळं शिसंच आहे.

टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर ठेवा, स्पर्धेतली उंची तीच. घरी पाच मीटरवर मारायचं तर टार्गेट निम्म्या आकाराचं छापून घ्या.

गच्चीवरचा राजा

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चालेल का? कठडा उंच आहे.

तिरकस तात्या

चालेल. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेवढं आधी टाका आणि उत्तर इथे चिकटवा, धाग्याला बहार येईल.

दशांश

गच्चीवर नको. चुकून सुटलेला छर्रा दीड-दोनशे मीटरच्याही पुढे जातो आणि खाली कोण आहे ते दिसत नाही. बंद पार्किंग, लांब पॅसेज, मागे भिंत आणि पेटी असेल, मधे दार उघडत नसेल, तर एक वेळ चालेल.

कृष्णाकाठ

घेतली! बंद खोक्यातली, ब्रेक बॅरल, मध्यम ताकद, ओपन साइट. दस्ता मुलासाठी सुताराकडून दीड इंच कापून घेतला, कापलेला तुकडा स्क्रूने परत जोडता येतो. दुर्बीण घेतली नाही. छर्ऱ्यांचे तीन वेगळे डबे आणलेत. चुलतभाऊ म्हणतो, स्प्रिंग करकरतेय, नळीच्या मागच्या भोकात थोडं खोबरेल सोड. सोडू का?

लेथवाला

अजिबात नको!! तिथे तेल गेलं की पिस्टन हवा दाबताना ती इतकी तापते की तेल पेटतं. डिझेल इंजिनात होतं तेच. फटाक्यासारखा आवाज, नळीतून धूर, छर्ऱ्याचा वेग वाढलेला बघून चुलतभाऊ खूश, आणि आत सील जळालेलं, स्प्रिंगला तडा. नव्या रायफलीत कारखान्याचं तेल असतंच, पहिले शे-दोनशे छर्रे थोडा धूर येईल, करकरही येईल. बसेल. फार वाटलं तर पुढे कधी उघडून स्प्रिंगला मॉलिब्डेनमचं ग्रीस, तेही बोटभर. बाहेरच्या लोखंडाला पातळ तेलाचा हात फिरवत जा, पावसाळ्यात विशेष.

आणि छर्रा भरताना मोडलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवायची. ती चुकून उसळून मिटली तर बोट आत असतं. हे मुलाला छर्रा हातात देण्याआधी शिकवा.

कृष्णाकाठ

दोन शनिवार-रविवार मारून झाले. पेटी झकास झाली, @सुतारपक्षी. पण ग्रुप जमत नाहीये. रायफल उशीवर टेकवून, श्वास धरून, घट्ट दाबून धरतो तरी पाच छर्रे वाटीएवढ्या जागेत पसरतात. मुलगा उभ्याने, मोकळ्या हाताने माझ्यापेक्षा बरं मारतो, हे जास्त झोंबतंय. नळीत दोष असेल का?

हवाबाण

पीसीपी. एवढंच बोलतो आणि जातो.

दशांश

थांबा, नळीला नावं ठेवू नका. "घट्ट दाबून" हेच कारण असणार. स्प्रिंग रायफल दाबून धरली की प्रत्येक वेळी तिचा धक्का वेगळ्या ताकदीने अडतो आणि छर्रा वेगळीकडे जातो. मुलगा सैल धरतो म्हणून त्याचा बरा येतो. डावा तळहात उघडा ठेवा, रायफल त्यावर नुसती ठेवल्यासारखी, बोटांनी पकडू नका. खांद्याला हलकीच टेकवा, गाल हलका. तिला हवं तसं उसळू द्या, फक्त दर वेळी सारखंच. उशीवर टेकवायचीच असेल तर उशी आणि रायफल यांच्यामध्ये आपला तळहात हवा. छर्रा सुटल्यावरही दोन सेकंद फोरसाइटकडे बघत राहा.

मग तिन्ही डब्यांतले पाच-पाच छर्रे मारून बघा. एकाच रायफलीला एक छर्रा मानवतो, दुसरा नाही. डोकं ४.४९ आणि ४.५० मिमी एवढ्या फरकानेही ग्रुप बदलतो. टार्गेटला सपाट डोक्याचे, एचएन फिनाले मॅच किंवा आरडब्ल्यूएस मायस्टरकुगेलनसारखे. टोकदार छर्रे दिसायला भारी, कागदावर फाटकं भोक पाडतात.

लेथवाला

+१, आणि त्याआधी दस्त्याचे स्क्रू तपासा. दोन पुढे, एक ट्रिगरगार्डजवळ असतात बहुधा. स्प्रिंगच्या हादऱ्याने पहिल्या दोन-तीनशे छर्ऱ्यांत हमखास सैल होतात. नेमक्या मापाचा पेचकस घ्या, घरातला वाकडा नको, खाच खराब होते. आवळा, पण लाकूड चिरेल इतके नाही.

कृष्णाकाठ

पुढचा उजवा स्क्रू चक्क अर्धा आटा फिरला! तो आवळला, तळहात उघडा ठेवला. तीन डब्यांपैकी सपाट डोक्याचा ४.५० चा डबा सरस निघाला. आज सकाळी माझे पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. मुलाचे त्याहून थोडे आत, पण त्यावर घरात चर्चा चालू आहे. टोकदार छर्ऱ्यांचा डबा जवळजवळ भरलेला पडलाय, कुणाला हवा असेल तर वाईला येऊन घेऊन जा.

दशांश

मस्त! सपाट डोक्याच्या डब्याच्या तळाशी लॉट नंबर असतो, तो टिपून ठेवा आणि त्याच लॉटचे आणखी चार डबे आत्ताच उचला. पुढच्या लॉटला तीच रायफल रुसू शकते.

आंबेवाला देवगड

टोकदार मला नको, पण सपाटवाल्यांचं नाव परत एकदा लिहा. पोरीला कणकवलीच्या शाळेत शूटिंगला घातलीय.